अकरा ते बारा

मकरंद मला कॉव्हेंट्रीहून आणतो,
पुष्कर रेडिंगला घेऊन जातो.
मधे हे गाव, हॅदरकोट.
एक पब, एक ओढा, गुळाच्या रंगाच्या दगडांची पन्नासेक घरं,
आणि चर्चच्या भिंतीलगत गाड्या लावायला जागा.
थोरल्यानं अकराला सोडायचं.
धाकट्यानं बाराला न्यायचं.
मधला तास माझा.
हा तास दोघांनी मिळून ठरवला,
म्हणजे सुनांमार्फत.
सहा वर्षांत दोघांनी मिळून केलेली
तेवढी एकच गोष्ट.

औषधांचं दुकान होतं दोघांचं.
त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आज वारा बोचरा, म्हणून आत शिरले.
मिसेस टॅपस्कॉट नावाच्या बाई, ऐंशीच्या पुढच्या,
समया घासाव्यात तशा
पितळी मेणबत्तीदाण्या घाशीत होत्या.
म्हणाल्या, दार पाहिलंत का आमचं?

दार ओकचं. त्यात गोळ्यांची सात भोकं,
पावणेचारशे वर्षांपूर्वीची.
मी विचारलं, राजाची माणसं आत होती, की बाहेर?
बाई फडकं झटकत म्हणाल्या,
गावात दोन मतं आहेत.
माझे मिस्टर दुसऱ्या मताचे होते.

मी एकेका भोकात करंगळी घालून पाहिली.
पहिल्या पेरापर्यंत जाते.
सातव्यात गेली नाही.
ते कुणी चिखलानं लिंपून घेतलेलं,
आपल्या कुंभारमाशीच्या
कुठल्याशा इकडच्या चुलतबहिणीनं.
आत तिची पोरं असणार.
बोट काढून घेतलं.

मग काचेखालची वही. देवळाचा जमाखर्च.
अक्षर मोडीसारखं, मला एक ओळ लागेना.
बाईंनी काचेवर बोट ठेवून वाचलं :
राजेसाहेब गावावरून गेले,
घंटा वाजवणाऱ्यांना दोन शिलिंग.
खाली, राजेसाहेब हरल्याचं कळलं,
घंटा वाजवणाऱ्यांना दोन शिलिंग.
हात तोच. शाईसुद्धा तीच वाटली मला.
आणि दोन्हींच्या मधे :
एका शिपायाला गुंडाळायला कापड.
नाव नाही. कुठल्या बाजूचा, तेही नाही.
म्हटलं, लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल.
एवढ्याशा गावात? बाई हसल्या.
ठाऊक होतं म्हणून तर लिहिलं नाही.

माझ्या पिशवीत बेसनाच्या लाडवांचा डबा होता,
पुष्करसाठी. बावीस.
मकरंदच्या फडताळात बावीस ठेवून आले होते.

तुमच्या भाषेत काय म्हणतात हो, त्या म्हणाल्या,
घरातल्या घरात पेटलेल्या लढाईला?
यादवी, मी म्हटलं. आणि सांगत बसले,
माझ्या मोडक्या इंग्रजीत,
समुद्रकाठचं ते कूळ, ती दारू, ती जुनी उणीदुणी,
शस्त्रं संपली तेव्हा उपटलेलं काठचं गवत,
आणि मुठीत त्याचं झालेलं मुसळ.
मग कोण जिंकलं?
मी घड्याळात पाहिलं. बाराला सात कमी.

दारातून बाहेर पडले
तर थडग्यांपलीकडे, यूच्या काळ्या झाडाआड,
मकरंदच्या गाडीचं टप.
सहा वर्षं मला वाटायचं,
हा मला सोडतो आणि लगेच वळतो.
हात करावा म्हणून उचलला,
आणि पदर सारखा केला.

पुष्कर आला. बॅग ठेवली, डबा मांडीवर दिला,
पट्टा लावून दिला, लहान मुलाला लावावा तसा.
आरसा सारखा केला.
पुन्हा सारखा केला.
निघू या ना आई, म्हणाला,
आणि किल्ली फिरवली नाही.

वर बाराचे टोले पडायला लागले.
मी डब्यावर हात ठेवून
मोजत राहिले.